गोजरानं डोकं सोडलं

कल्पना करा, तुम्हाला एका माणसाचं डोकं धरायचं आहे. तुम्ही खुर्चीच्या मागे उभे आहात. डावा हात त्याच्या कपाळावरून आडवा, उजवा तळवा जबड्याखाली, आणि ते डोकं आपल्या पोटाशी घट्ट दाबून धरायचं. समोरून डॉक्टर चिमट्यानं दाढ हलवतो. मूळ हाडात करकरतं, ते तुमच्या तळव्याला कळतं. माणूस घशातून ओरडतो, पाय झाडतो. तुम्ही सोडायचं नाही. त्याचे डोळे तुम्हाला वरून उलटे दिसतात. शहाण्यानं तिकडे बघू नये.

घणसोलीची गोजरा हे काम सहा वर्षं करत होती, आणि ती बघायची.

मिठागरात मिठाचे ढीग ओढून ओढून तिचे दंड पुरुषासारखे झाले होते. नवं शहर आलं, मिठागरं भरावाखाली गेली, दंड तेवढे राहिले. १९७९ साली डॉक्टर उपासनींनी वाशीत दातांचा दवाखाना काढला आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघून म्हणाले, "उद्यापासून ये."

डॉक्टर वाईट नव्हते. हात हुशार होता. पण खोलीतल्याच बाकावर माणसं थांबलेली असली की त्यांना दम निघत नसे. हिरडीत इंजेक्शन द्यायचं आणि ती बधिर व्हायच्या आतच चिमटा उचलायचा. कुणी कळवळलं की म्हणायचे, "धर गं नीट. गावची माणसं काटक असतात, त्यांना आपल्यासारखं दुखत नाही."

या 'आपल्या'त आपण धरलोय की नाही, हे गोजराला कधी उमगलं नाही.

कपाटाच्या दुसऱ्या खणात बारीक गोळ्यांची एक बाटली असायची. सेक्टरमधल्या वैजयंतीबाई आधी फोन करायच्या, "डॉक्टर, मला फार टेन्शन येतं हो." त्यांना तासभर आधी बोलावून त्यातली गोळी मिळायची. बाई मासिक चाळत पेंगुळायच्या. मग इंजेक्शन, मग पुरती दहा मिनिटं थांबणं. दाढ निघाली तरी बाईंचा पदर सरकत नसे. त्यांचं डोकं गोजरानं एकदाही धरलं नव्हतं.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये पंढरी आला. गोजराच्याच आळीतला, पन्नाशीचा, दारात मावणार नाही असा गडी. वर्षापूर्वी जमिनीच्या मोर्च्यात लाठी लागून त्याची दाढ मोडली होती. मूळ आत कुजून गाल सुजला होता. सोबत धाकटा भाऊ नामा. गोजरानं नेहमीसारखा मागून हात टाकला, आणि पंढरी असा उसळला की ट्रे, चिमटे, कापूस सगळं जमिनीवर.

बाकावरची माणसं हसली. नामा तर पोट धरून. "अरं दादा, लाठीला नाय भ्यालास, आन् बाईच्या हाताला भ्यालास?"

"लाठी समोरून आली," पंढरी धापा टाकत म्हणाला. "दिसली. पन त्या गर्दीत मागून कुनीतरी डोकं धरून मना खाली दाबलं, ते अजून जात नाय. डॉक्टर, दाढ काढा. पन मागून धरू नका."

"असं कसं चालेल?" डॉक्टर वैतागले. "गोजरा, बाहेरून अजून दोघांना बोलव."

गोजरा हलली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला सांगितलं होतं, की तिचे हात खुर्चीतल्या माणसाला कसे लागतात.

"दुसऱ्या खनातली गोळी द्या की त्याला," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुला काय कळतं त्यातलं? मुंबईत मोठ्या हॉस्पिटलात गॅस हुंगवतात, माणूस सैल पडतो. पूर्ण भूल पण देतात, पण त्याला भूल देणारा डॉक्टर लागतो, पोट रिकामं लागतं, अख्खा दिवस जातो. एका दाढेसाठी?"

"म्हनून तर गोळी म्हनते."

"ती घाबरणाऱ्यांसाठी आहे."

"मंग ह्यो काय करतोय?"

पंढरी खुर्चीतून उठला. बाकाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "मी घाबरतो. लिवून घ्या. आनि हसताय ते हसा, तुमचा नंबर आला का बगतो."

हसणं थांबलं. डॉक्टरांनी सूज उतरायची औषधं लिहून दिली आणि गुरुवारी तासभर आधी यायला सांगितलं. तोंड कडू करून सांगितलं, पण सांगितलं.

गुरुवारी पंढरी आला तो डुलत. नामानं त्याला दोन पेले पाजून आणलं होतं. गावात दाढ उपटायची तर आधी पाजायची, ही जुनी रीत. नामाला वाटलं, डॉक्टरांच्या गोळीला आपलाही हातभार.

डॉक्टरांना लांबूनच वास आला. "दारूवर ही गोळी दिली आणि श्वास मंदावला, तर मी काय करू? आज गोळी नाही." मग त्यांनी पंढरीकडे नीट बघितलं. "पण आयता सैल झालाय. गोजरा, धर. दोन मिनिटांचं काम आहे."

पंढरीचे डोळे अर्धे मिटलेले होते. तो आज उसळणार नव्हता. धरलं असतं तर कुणी हसलंही नसतं.

गोजरानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. "नाय धरनार."

"काय?"

"शुद्धीत व्हता तवा त्यानं नको म्हनून सांगलंय. आता शुद्धीत नाय म्हनून धरू?"

"धरायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

"येनार," गोजरा म्हणाली. "झाडू मारनार, चिमटे उकळनार, कापूस कापनार. पगार कापा पायजे तर. पन नको म्हननाऱ्याचं डोकं धरनार नाय. तुमाला धरायचं तर धरा. तुमी धरा, मंग चिमटा कोन चालवनार?"

बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. या वेळी ते हसणं डॉक्टरांच्या वाट्याला आलं. त्यांनी चिमटा ट्रेमध्ये आपटला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. नामाला जिन्यात गाठून गोजरानं असं झापलं, की खालचा पानवाला वर बघायला लागला. "शनिवारी आन त्याला, कोरडा. पुन्यांदा पाजलंस ना, तर तुजीच दाढ काढाला बसवीन!"

शुक्रवारी ती वेळेवर दवाखान्यात हजर होती. डॉक्टरांनी तिला जा म्हटलं नाही.

शनिवारी पंढरी कोरडा आला. गोजरानं स्वतः त्याच्या तोंडाजवळ वास घेऊन खात्री केली. डॉक्टरांनी बाटली काढून गोळी दिली. तासाभरात त्याचे खांदे उतरले. मग इंजेक्शन. डॉक्टरांचा हात सवयीनं चिमट्याकडे गेला, तर गोजरा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी. दहा मिनिटं झाली. सुईनं टोचून बघितलं, पंढरी नुसता बघत राहिला.

गोजरा मागे गेलीच नाही. स्टूल घेऊन त्याला दिसेल अशी समोर बसली. "दुखलं का हात वर कर. डॉक्टर थांबतील."

"थांबतील का?" पंढरीनं जड जिभेनं डॉक्टरांना विचारलं.

"थांबेन," डॉक्टर म्हणाले.

तीनदा हात वर गेला. तीनदा चिमटा थांबला. चौथ्या वेळी काळं पडलेलं मूळ ट्रेमध्ये खणकन वाजलं. डोकं कुणीही धरलं नव्हतं आणि ते जागचं हललं नव्हतं.

त्यानंतर गोजरानं खुर्चीमागे उभं राहणंच सोडलं. बाकावरच्या प्रत्येकाला ती आधीच विचारायला लागली, "भीती वाटते का? लाजू नको, खरं सांग." डॉक्टर कुरकुरायचे की उशीर होतो, गोळ्या संपतात. पण नवी बाटली मागवायचे. एकदा त्यांनी समजुतीच्या सुरात पुन्हा तेच काढलं, "अगं, सगळ्यांना कशाला विचारतेस? गावच्या माणसांना खरंच कमी दुखतं."

गोजरा कापूस कापायची थांबली.

"डॉक्टर, गावातल्या मानसाला कमी दुखतं, हे मोजलं कुनी? आनि कशानं मोजलं?"