पेन्सिलीनं लिहायचा रकाना

"बोला. लेकरू आत्ता कुठं हाय?"

फोन उचलला की बाईंचं पहिलं वाक्य हेच. हॅलो नाही, नमस्कार नाही, संस्थेचं नाव नाही. पदराच्या टोकानं रिसीव्हरचं तोंड पुसायचं, तो कानाला लावायचा, डोळे मिटायचे आणि हा प्रश्न. पलीकडचं माणूस आधीच घाबरलेलं असे. काही जण तर हे ऐकून फोनच ठेवून देत. "ठिवू दे," बाई म्हणत, "ज्याला खरंच सांगायचंय त्यो परत करतोय."

एकदा खताच्या दुकानाला लावलेला फोन चुकून आमच्याकडे लागला. कोणी शेतकरी होते. बाईंनी सवयीप्रमाणे विचारलं. ते गडबडून म्हणाले, "शाळंत गेलंय की! का वो, काय झालं?"

"काय न्हाई. शाळंत हाय म्हंजे बरं हाय. खताचं दुकान दुसरीकडं हाय."

आम्ही दोन दिवस हसत होतो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लेकरू कुठं हाय ते झटक्यात सांगता आलं त्याला. लय मोठी गोष्ट हाय ती."

परभणीत स्टेशनपासून जरा आत एका संस्थेचं निराधार मुलांचं वसतिगृह होतं आणि पुढच्या खोलीत हा काळा फोन. कुठे लेकराला मारत असतील, उपाशी ठेवत असतील, कामाला जुंपलं असेल तर कळवा, अशा पाट्या संस्थेनं जिल्ह्यातल्या एसटी स्टँडांवर रंगवून घेतल्या होत्या. आलेली तक्रार ऐकून वहीत नोंदवायची, हे बाईंचं काम. मी बी.ए. होऊन नुकतीच त्यांच्या हाताखाली लागले होते. बाई पिंगळीहून रोज सकाळच्या पॅसेंजरनं येत. ती गाडी कधी वेळेवर नसे आणि बाई कधी उशिरा नसत. हे त्या कसं जमवत, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पन्नाशीच्या बाई, अंगानं वाळलेल्या. तुम्ही त्यांना गाडीत पाहिलं असतं तर म्हणाला असता, या माउलीची झोप झालेली नाही. खरंच झालेली नसे. "घरी गेलं तरी कानात बोलायलेतच लोकं," एवढंच त्या एकदा म्हणाल्या.

त्यांच्या पिशवीत लसणाचे गड्डे असत. वाईट फोन आला की नोंद करून झाल्यावर त्या टेबलावर कागद पसरून लसूण सोलायला बसत. "हाताला काम दिलं की डोकं गप ऱ्हातंय." सोललेला लसूण संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जाई. स्वयंपाकाच्या मावशी तेवढ्यावरून दिवस ओळखत. एखाद्या दिवशी वाटी भरून पाकळ्या आल्या की त्या चटणी कुटायला घेत आणि बाईंसाठी दोन भाकरी जास्त थापत. बाई त्या खात नसत. तरी मावशी थापत.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते ते. फोन करणारा आधी विचारायचा, "तुमी कोनाच्या?" म्हणजे कुठल्या जातीच्या, कुठल्या बाजूच्या. बाई म्हणायच्या, "आधी लेकराचं सांगा, मंग माझं सांगते." लेकराचं सांगून झाल्यावर दुसरा प्रश्न परत विचारल्याचं मला आठवत नाही.

त्यांची वही बघण्यासारखी होती. छापील पानावर पहिला रकाना तक्रारदाराच्या नावाचा. बाईंनी तो प्रत्येक पानावर खोडून तिथे 'लेकरू कुठं' असं लिहिलं होतं. बाकी सगळं शाईनं आणि हा एक रकाना तेवढा पेन्सिलीनं. मी कारण विचारलं.

"लेकराला आज हितं ढकलत्यात, उद्या तिथं. जे उद्या बदलायचंय ते पेन्सिलीनं लिव्हावं, माय. जे बदलायचं न्हाई ते शाईनं."

आणि एक नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. आलेला फोन घ्यायचा, आपण उलटा फोन करायचा नाही. त्या वेळी गावात फोन एक, फार तर दोन. तो कोणाच्या तरी घरात किंवा दुकानात असायचा. कोणी चोरून फोन केला, तर आपण परत करताना तो कोण उचलेल याचा नेम नाही. मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी हुशारच होते.

बाई एका मुलाच्या खटल्यासाठी कोर्टात गेल्या होत्या, त्या दुपारची गोष्ट. ताडकळसच्या पुढच्या एका गावावरून ट्रंक कॉल आला. कोणा बाईमाणसाचा आवाज, दबलेला. "आईवेगळी पोर हाय वो, नऊ वर्साची. बाप ऊस तोडायला गेलाय, चुलत्याजवळ ठिवलीय. चुलती लय मारायली तिला. काल उलथन्यानं हात डागलाय." मी गाव लिहिलं, मुलीचं नाव लिहिलं. चुलत्याचं घर कुठे ते विचारत होते, तेवढ्यात तीन मिनिटं संपली आणि लाइन तुटली.

मला वाटलं, नोंद अर्धी राहिली. बाई येतील, विचारतील, घर कुठलं? मला सगळे रकाने भरलेले दाखवायचे होते. मी एक्स्चेंजला फोन केला आणि म्हटलं, आत्ता जिथून आला होता तिथंच परत जोडा.

एका पुरुषानं उचलला. "कोन बोलायलंय?"

मी संस्थेचं नाव सांगितलं. मघाशी तुमच्याकडून एका बाईंनी मुलीला मारहाण होते म्हणून कळवलं, पूर्ण पत्ता हवा होता, असंही सांगितलं. अगदी नम्रपणे.

"कोनती बाई?" म्हणून त्यानं फोन ठेवला.

ते किराणा दुकान होतं आणि दुकान त्या चुलत्याचं होतं. तो कापूस विकायला गेलेला बघून शेजारणीनं हिंमत करून फोन लावला होता, आणि माझा उलटा फोन गेला तोवर तो परतला होता. हे आम्हाला नंतर कळलं.

बाई दिवस मावळता आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, उलट्या फोनचंसुद्धा, आणि खोटं कशाला बोलू, थोडं अभिमानानं सांगितलं. बाईंनी वही ओढली. 'चुलत्याच्या घरी' असं मी पेन्सिलीनं लिहिलं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"लेकरू आत्ता कुठं हाय?"

"चुलत्याकडेच ना, बाई."

"मघाशी व्हतं," बाई म्हणाल्या.

शेवटची एसटी गेली होती. दुसऱ्या दिवशी नामांतरावरून बंद. सगळ्या गाड्या आगारात उभ्या. बाई तरी सकाळपासून स्टँडवर बसून राहिल्या आणि मी त्यांच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी पोलीस घेऊन गावात पोचलो, तर मुलगी नव्हती. "मामाच्या गावाला गेली," चुलती म्हणाली. कुठला मामा, कुठलं गाव, कोणालाच सांगता येईना. शेजारणीनं दार उघडलं नाही. बाईंनी तिथेच ओट्यावर बसून रकाना खोडला आणि कोरा ठेवला.

महिन्याभरात चुलता गावातली चार वजनदार माणसं घेऊन संस्थेत आला. आमच्या घराची बदनामी केली म्हणाला. बैठक बसली. सचिवांनी विचारलं, उलटा फोन कोणी केला? मी वही घेऊन दाराशीच उभी होते.

"मीच केला," बाई म्हणाल्या.

माझी नोकरी कच्ची होती, घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. कारणं काढायला बसलं तर पुष्कळ निघतील. खरं सांगायचं तर मी घाबरले. वही छातीशी धरून दारातून तशीच मागे सरले. त्याच आठवड्यात बाईंना फोनवरून काढून वसतिगृहाच्या कोठीत बसवलं आणि त्यांची खुर्ची मला मिळाली.

कोठी अंगणाच्या पलीकडे होती. फोन वाजला की बाईंचा धान्य निवडणारा हात थांबायचा, ते मला खिडकीतून दिसे. मी उचलला की परत चालू व्हायचा. मी त्यांची माफी मागायला दोनदा अंगण ओलांडून गेले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या हातात लसूण दिला, आणि मी सोलून परत आले.

सुट्टीच्या दिवशी बाई ताडकळसच्या बाजारात जात. बांगड्या भरणाऱ्यांजवळ बसत, आणि मेंढरंवाल्या बायांजवळ जास्त. मेंढरं घेऊन शेताशेतात बसणाऱ्या त्या बाया. कोणत्या शेतावर कोणाचं लेकरू परकं आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पहिल्या काही बाजारांत नुसता चहा झाला. चार महिन्यांनी एकीनं सांगितलं, "पूर्णेच्या अलीकडं एका आखाड्यावर एक पोर हाय. ते लोकं मुकी समजत्यात तिला. पर माझ्या कोकराशी बोलती की वो ती."

आखाडा म्हणजे शेतातलं घर. बाई पोलीस घेऊन गेल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं पोरीला घेऊन आल्या. चुलतीच्या माहेरचं कोणी होतं तिथे. पोर गुरांचं करत होती. हातावरचा डाग वाळला होता. महिनाभर ती कोणाशी बोलली नाही, कोठीत बाईंना चिकटून बसे. मग एक दिवस मावशींनी आम्हाला हाका मारून बोलावलं, कारण ती लसूण सोलता सोलता बाईंना म्हणाली होती, "हे लय झोंबतंय."

पोर आली त्या संध्याकाळी बाई फोनच्या खोलीत आल्या. तिथून काढल्यानंतर पहिल्यांदाच. वही मागितली. मी ते पान काढून दिलं आणि दुसरीकडे बघत उभी राहिले. त्या पानाकडे बघायचं मी टाळतच होते. कोऱ्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'हितं'.

"आता तरी शाईनं लिहा, बाई."

"न्हाई माय. मोठी व्हायचीय, सासरी जायचीय तिला."

त्यानंतर बाई आणखी काही वर्षं कोठीत होत्या. मग थकल्या, पिंगळीला घरीच राहिल्या. विद्यापीठाचं नाव बदललं, त्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मी पिंगळीला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ओसरीवर त्यांची ती पिशवी खुंटीला टांगलेली होती.

परत आल्यावर मी कपाटातून जुनी वही काढली. इतक्या वर्षांत ते पान मी एकदाही वाचलं नव्हतं. 'हितं' तसंच होतं. कडेला शेऱ्याच्या रकान्यात बाईंचं अक्षर: 'उलटा फोन मी केला.' खाली सही.

पेन्सिलीनं.

मी वही पुढून मागून सगळी चाळली. दुसरा एकही शेरा पेन्सिलीचा नव्हता. म्हणजे बैठकीच्या दिवशीच बाईंनी माझ्यासाठी जागा ठेवली होती, आणि इतकी वर्षं अंगणापलीकडून त्या वाट बघत राहिल्या, एका शब्दानं न सुचवता. मला रडू आलं, ते फार उशिरा आलेलं रडू होतं. मी खोडरबरानं ती ओळ खोडली आणि शाईनं लिहिलं, उलटा फोन मी केला, बाईंनी नाही. खाली माझं पूर्ण नाव.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन सचिवांकडे गेले. सचिव नवे होते, त्यांनी बाईंना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मग त्या बाई आता कुठे आहेत?"

मी रोज लोकांना हेच विचारत आले होते.