धाकटीच्या हातातला चिंचोका

वनमालाबाईंच्या लेकीचा, स्वातीताईचा फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. आमच्या कंपनीत काम चालू असताना फोन घेता येत नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत उलट लावला. "संगे, आई गेली गं," एवढंच ती बोलली. मी म्हणाले, "पण माझं पत्र अजून व्हायचंय..." माणूस गेल्याचं ऐकून कुणी असं बोलतं का? पण तोंडातून तेच निघालं. त्याला आता दोन महिने होत आले. वनमालाबाईंनी माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती, माझ्या हातानं लिहिलेलं एक पत्र. ते अर्धं होऊन माझ्या डब्याच्या पिशवीत पडून होतं.

बाई मूळच्या लातूरच्या. उमरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मला तिसरीपासून होत्या. वाचायला उभं केलं की माझी अक्षरं जागेवर राहायची नाहीत. 'ब'चा 'व' व्हायचा, काना पुढच्याच अक्षराला जाऊन चिकटायचा. लिहायला बसले की वेगळंच. उजव्या हातात पेन्सिल, आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप तशीच हलायची. पहिल्याच आठवड्यात बाईंनी ते पाहिलं. "वेडावून दाखवायलीस का मला?" म्हणत त्यांची पट्टी त्या हातावर बसली. मी रडत रडत पुन्हा लिहायला लागले, तर तो हात पुन्हा हलायला लागला. बाई बघतच राहिल्या. मग माझ्याशेजारी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटाला लाव बरं." मी लावला, तसा डाव्या हातानंही लावला. "मुद्दाम करायलीस?" "न्हाई बाई. तो आपलं आपणच करतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या डाव्या मुठीत एक चिंचोका ठेवला. म्हणाल्या, "हे बघ, ही उजवी थोरली बहीण हाय, अन् ही डावी धाकटी. थोरली करती ते धाकटीला करावं वाटतं. घरात लहान लेकरू नडलं तर आपण काय करतो? खेळणं देतो. मारतो का?" मागून कुणीतरी म्हणालं, "आमची माय मारती, बाई!" सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या. पण त्या दिवसापासून त्यांची पट्टी कपाटात गेली ती गेलीच.

पुढं लातूरला कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आल्यावर त्या आमच्या घरी आल्या. मायला सांगितलं, लहानपणी सगळ्यांचाच एक हात दुसऱ्याची नक्कल करतो, वाढता वाढता ते थांबतं. काही लेकरांचं उशिरा थांबतं. वाचायला ज्यांना असं जड जातं, डिस्लेक्सिया म्हणतात त्याला, त्यांच्यातल्या काहींत ते जास्त दिवस दिसतं. "हात हलतो म्हणून वाचता येत न्हाई, असं न्हाई बरं का. अन् पोरगी ढ तर मुळीच न्हाई." मायला एवढंच कळलं की हे बाहेरचं काही नाही. ती मला धर्माबादकडच्या एका देवरुष्याकडं न्यायच्या बेतात होती.

मग बाईंची बदली औशाला झाली. आठवीला मी उमरीच्या शाळेत जायला लागले. तिथं सरांनी धडा वाचायला उभं केलं... चार ओळींतच वर्ग इतका हसला, की दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. नंतरही कधी गेले नाही. बाईंना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एस्टीनं आल्या आणि मला औशाला घेऊन गेल्या. वर्षभर त्यांच्या घरी राहून, त्यांच्या हातचं खाऊन मी शिवण शिकले. मशीनवर दोन्ही हातांना आपापलं काम असतं. धाकटी तिथं पहिल्यांदा शहाणी झाली. त्या शिवणाच्या जोरावरच मी आज इथं तिरुपूरला आहे. इथल्या सगळ्या पाट्या तमिळमध्ये. सुरुवातीला मला किती बरं वाटलं, काय सांगू! आमच्याकडच्या शिकलेल्या बायकांनाही इथं वाचता येत नाही.

मागच्या दिवाळीला लातूरला गेले, ती शेवटची भेट. बाईंना लकवा मारून गेला होता. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. मला बघून हसल्या. "माझी थोरली झोपली गं संगे. आता धाकटीच घर चालवायली." मी चहा केला, बशीत ओतून पाजला. चहा संपल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या धाकटीला मी मारलं होतं. आठवतं?" "न्हाई बाई," मी खोटं बोलले. "मला आठवतं," त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडं बघत बसल्या. मी हो म्हणायला पाहिजे होतं. हो म्हटलं असतं, तर बाईंना पुढचे दोन शब्द बोलता आले असते... निघताना म्हणाल्या, "मला आता लिहिता येत न्हाई. तू एक पत्र लिही. फोनवर बोलून पाठवतीस तसलं नको. अन् कुणाकडून शुद्ध करून घेऊ नको. चुकाच नसल्या तर ते तुझं हाय, हे मला कसं कळावं?"

मी लिहीत होते, फाडत होते. पहिल्याच ओळीत 'वनमाला'चं 'बनमाला' व्हायचं आणि माझा जीव जायचा. बाईंनी एवढं शिकवून आपण हे पाठवायचं? म्हणून उद्या, परवा करत महिने गेले.

तेराव्यानंतर स्वातीताईनं एक छोटं पार्सल पाठवलं. आत कापसात गुंडाळलेला एक चिंचोका. फोनवर म्हणाली, "तू येऊन गेल्यावर आईनं मागून घेतला. उजव्या मुठीत ठेवायला लावायची. पडला की आम्ही उचलून परत ठेवायचो."

पत्र मी पूर्ण केलं. हा लेख पेपरचे पुरवणीवाले शुद्ध करून घेतील, ते पत्र मात्र तसंच ठेवलंय, 'बनमालाबाईंना' म्हणून. हे लिहिताना डाव्या हाताची बोटं टेबलावर हलायलीत. घाबरले, थकले की अजून हलतात. चिंचोका समोरच आहे, पण आज दिला नाही तिला. राहू दे... तीही बाईंनाच लिहीत असेल.