कॅमेरा बंद दिसतोय

सकाळी राउटरचा हिरवा दिवा अचानक लाल झाला, आणि लगेच परदेशातून मुलाचा फोन आला. "बाबा, हॉलमधला कॅमेरा बंद दिसतोय. राउटर बंद करून परत चालू करा बघू."

आमची काळजी वाटते म्हणून त्यानेच तो कॅमेरा बसवून घेतलाय. आठवडाभर त्याच कॅमेऱ्यासमोर मी कंबर धरून चालतोय. त्याबद्दल त्याचा एकही फोन नाही. माणूस नुसता दिसत राहिला, की त्याला काय होतंय हे विचारायचं राहूनच जातं.

मी बटण दाबलं. दिवा हिरवा झाला. "हां, दिसताय," म्हणून त्याने फोन ठेवला.

संध्याकाळी बायको म्हणाली, "त्याच्याशी बोलावंसं वाटतंय हो. आपण फोन केला की तो कामात असतो."

मी उठलो आणि राउटर बंद केला.