कोपरा आला की बोलायचं

माझ्या भावाला सगळे सावकाश म्हणतात. नाव मीच ठेवलं, लहानपणी. शाळेला उशीर झालेला, मी फाटकाशी उभी राहून हाका मारतेय आणि हा अजून बुटाची नाडी बांधत बसलेला. "आलो, सावकाश येतो." एक नाडी बांधून झाली की दुसरी सोडून पुन्हा बांधणार, दोन्ही सारख्या दिसायला हव्यात म्हणून. आम्ही हात धुऊन उठलो तरी याचं निम्मं ताट तसंच. आई म्हणायची, याला न्यायला यम आला तर तोही कंटाळून परत जाईल.

असा माणूस गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागला तेव्हा मी पोट धरून हसले होते. फोर्कलिफ्ट म्हणजे माल उचलायची ती छोटी गाडी, पुढे दोन लोखंडी सुळे असलेली. पण गोदामवाल्यांना असाच माणूस हवा असतो. सुळ्यांवर खोक्यांची थप्पी चढली की समोरचं काही दिसत नाही, म्हणून गाडी उलटी चालवावी लागते, मान मागे वळवून. रॅकच्या गल्लीतून बाहेर पडताना हॉर्न द्यायचा, थांबायचं, बघायचं, मग वळायचं. पायी चालणाऱ्यांनी पिवळ्या पट्ट्याच्या आत राहायचं. आमचे हे त्याच गोदामात माल मोजून घ्यायला होते. घरी येऊन सांगायचे, "तुझा भाऊ रिकाम्या गल्लीलाही हॉर्न देतो. कान किटले लोकांचे."

मग एके दिवशी त्याने गाडी उलटी वळवली आणि मागे हे होते. यांचं डावं पाऊल चाकाखाली आलं. घोट्याच्या वरून कापावं लागलं.

चौकशी झाली. साहेब लोकांनी येऊन फोटो काढले, पट्टे मोजले. हॉर्न वाजला होता की नव्हता हे कोणालाच नक्की सांगता येईना. सावकाश "आठवत नाही" म्हणाला, हे "लक्ष नव्हतं" म्हणाले. शेवटी निघालं काय, तर अपघात, कोणाची चूक नाही. यांना बरं झाल्यावर बसून करायचं काम द्यायचं ठरलं. सावकाश स्वतःहून गाडीवरून उतरला आणि पॅकिंगला जाऊन बसला. हॉस्पिटलमध्ये तो पलंगाशी येऊन उभा राहिला तेव्हा हे म्हणाले, "जाऊ दे." तो म्हणाला, "हो." त्या विषयावर दोघांचं बोलणं झालं ते एवढंच.

मी बुटांच्या दुकानात काम करते. खाली बसून लोकांच्या पायांत बूट घालायचे, अंगठ्याशी दाबून बघायचं, टोचत नाही ना विचारायचं. पुन्हा कामावर गेले तेव्हा मला धास्ती होती की एवढे पाय बघून आपलं काहीतरी होईल. काही म्हणजे काही झालं नाही. बूट घालत होते, दाबत होते, विचारत होते. घरी येऊन कुकर लावत होते. रडायला वेळ भरपूर होता, रडूच येत नव्हतं. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं आमचं अख्खं घर झालं होतं.

सावकाश दर रविवारी यायचा. दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. "कसे आहात, दाजी?" "बरा आहे." "पाणी घेतोस?" "हो." मग दोघं टीव्हीकडे बघत बसायचे, टीव्हीवर काय चाललंय ते दोघांनाही सांगता आलं नसतं. आणि वागायला दोघं इतके सभ्य की विचारू नका. मला त्या सभ्यपणाचा असा संताप यायचा की वाटायचं, एकदा दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत आणि मोकळं व्हावं.

अशाच एका रविवारी जाता जाता तो जिन्यात म्हणाला, "ताई, कंपनीचं दुसरं गोदाम आहे ना, लांबच्या शहरात. तिथे जागा आहे. मी हो म्हणालोय. महिनाअखेरीस निघेन."

"दाजींना सांगितलंस?"

"तू सांग."

मी सांगितलं. हे "बरं" म्हणाले. आईबाबा गेल्यावर मला माहेर म्हणून हा एकटा उरलाय आणि हे "बरं" म्हणतात. मी माझ्या भावाला ओळखते. एकदा तिकडे जाऊन बसला की हा फोन करायला हात उचलेपर्यंत माझे केस पांढरे होतील. इथे दर रविवारी निदान खुर्ची तरी भरत होती.

हॉस्पिटलमधून आल्यापासून यांना एका गेमचा नाद लागला होता. कंप्युटरवरची लढाई, चार जणांची तुकडी, समोर दुसऱ्या चौघांची. कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत खेळायचं, आणि यांचा आवाज इतका मोठा की शेजारी बसलं की मलाही सगळं ऐकू यायचं. यांच्या तुकडीत एक आजी होती. ती आजी म्हणजे प्रत्यक्षात भसाड्या आवाजाचा बस ड्रायव्हर. दुसऱ्याचं खेळातलं नाव बरणी, तो दातांचा डॉक्टर. चौथ्याची शिफ्ट बदलली, म्हणून तो सुटला, आणि हे चौथा माणूस शोधत होते.

"सावकाशला घ्या की," मी म्हणाले.

यांनी हेडफोन गळ्यात घेतला. "त्याला जमेल?"

"तुम्हाला जमतं. मग कोणालाही जमेल."

सावकाशच्या खोलीवर कंप्युटर होता, त्यावर तो जुनी गाणी ऐकायचा. मी त्याला फोन करून सांगितलं की दाजींनी बोलावलंय. ही माझी थाप. यांनी फक्त "विचारून बघ" म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते आणि हे त्याला हेडफोनवरून शिकवत होते. इतक्या महिन्यांत त्याच्याशी बोलले नव्हते तेवढं एका दमात बोलले. "हे बघ, या गेममध्ये आपली गोळी आपल्या माणसालाही लागते. ते आधी डोक्यात ठेव. पळताना बोट चापावर ठेवायचं नाही. माझ्या बरोबर मागे उभा राहू नकोस, जरा बाजूला हो, नाहीतर मी उठलो की तुझ्या नळीसमोर. गोळी झाडणाऱ्याच्या पुढून जायचं नाही. बाँब टाकायच्या आधी सांगायचं. नेम धरलास की आपल्या माणसाच्या डोक्यावर निळं नाव येतं, पण धुरात ते दिसत नाही. शंका आली तर मारू नकोस. आणि कोपरा आला की बोलायचं. मी डावीकडून वळतोय, असं. दिसत नाही तिथे आवाजच लागतो."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. यांच्या ते लक्षात आलं की नाही, माहीत नाही. हे पुढे बंदुकीत गोळ्या कशा भरायच्या ते सांगायला लागले.

सावकाशने सगळं पाळलं, अगदी पाळायला नको तितकं. दोन गोष्टी सोडून. तो बोलायचा नाही आणि गोळी झाडायचा नाही. समोर शत्रू उभा असला तरी याची बंदूक खाली. मग तो शत्रू आजीला मारणार, बरणीला मारणार आणि शेवटी यांना. "काका," आजी वैतागून म्हणाला, "मेव्हणा आणलात की विजेचा खांब?"

त्या गेमचा एक नियम मी बघून बघून शिकले. आपल्याच माणसाने आपल्याला मारलं की पडदा करडा होतो आणि वर प्रश्न येतो: साथीदाराला माफ करायचं? खाली 'हो' आणि 'नाही'. 'नाही' दाबलं की मारणारा डावाबाहेर. नवशिक्यांच्या हातून हे रोजच होतं, आणि बरणी तर जुना असूनही बाँब कुठेही टाकायचा. हे न बघता 'हो' दाबायचे आणि पाणी प्यायला लागायचे.

सावकाशच्या बाबतीत तो प्रश्न कधी आलाच नाही. येणार कसा? दोनतीन आठवडे असेच गेले. मग एकदा यांचा तोल गेला. "अरे, तू मारत नाहीस म्हणून मी मरतोय. कळतंय का तुला? शंका असेल तर मारू नकोस म्हणालो मी. तुला चोवीस तास शंकाच." यांनी हेडफोनवर टिचकी मारली. "ऐकतोयस ना?"

"हो, दाजी."

त्याचं सामान बांधायला म्हणून मी एका संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेले. बांधायला होतं काय, दोन बॅगा आणि एक पंखा. तो खेळत होता. मी मागून बघत उभी राहिले. गेममध्ये कोपरा आला की याची मान वळायची. पडद्यावर नाही, खरीखुरी, खांद्यावरून मागे, भिंतीकडे. आणि डावा तळवा टेबलाच्या कडेवर दाबला जायचा. गाडीत हॉर्न असतो ना हाताशी, तसा. पुन्हा कोपरा, पुन्हा मान, पुन्हा तळवा. टेबल कुठे वाजणार?

"काय करतोयस रे हे?"

"काय?" तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मी पंखा खोक्यात घातला. दोरी बांधताना गाठ तीनदा चुकली. काहीतरी झालं, हेच मला नवीन होतं.

निघायच्या आधीचा रविवार आला. तो म्हणाला, सामान हलवायचंय, घरी येत नाही, दुपारी खेळायला मात्र येईन. मी यांच्या शेजारी बसून कापलेल्या पायाच्या टोकाला चढवायचा मोजा उलटा करत होते. गेममध्ये एक पडकी फॅक्टरी होती. आजी आणि बरणी आधीच मेलेले, मरून फुकटचे सल्ले देत होते. सगळीकडे धूर. हे म्हणाले, "मी जिन्यावरून खाली येतोय. तू कुठे आहेस? बोल." तो बोलला नाही. हे जिना उतरून बोळात आले, आणि कोपऱ्यावरून सावकाश वळला आणि त्याने गोळी झाडली. एवढ्या दिवसांत पहिलीच.

पडदा करडा झाला. साथीदाराला माफ करायचं?

"काका, पोराने खातं उघडलं," आजी हसला. "दाबा हो."

यांनी दाबलं नाही. हात माउसवर आणि नजर त्या दोन शब्दांवर. मला वाटलं, मशीन अडकलं. मग यांनी बाण हळूहळू नेला आणि 'नाही' दाबलं.

"अहो काका, चुकून झालं ते," बरणी म्हणाला. यांनी हेडफोन काढून ठेवला. फोन उचलला आणि सावकाशला लावला. अपघातानंतर यांनी त्याला स्वतःहून फोन केला नव्हता. फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला.

"दाजी, सॉरी," तो म्हणाला. "धुरात दिसलं नाही."

"मी 'नाही' दाबलंय."

"बघितलं."

"मुद्दाम दाबलं."

"हो."

"वळताना बोलला का नाहीस?"

पलीकडे माउस टिकटिकला.

"त्या दिवशी," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता. "हॉर्न का नाही दिलास?"

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मी मोजा धरून बसले होते.

"विसरलो, दाजी."

"आठवतंय तुला?"

"पहिल्यापासून आठवतंय."

"रिकाम्या गल्लीला हॉर्न देतोस तू."

"हो. त्याच वेळी विसरलो. कारण काही नाही. मी खूप शोधलं. काहीच कारण नाही."

यांनी फोन जवळ ओढला. "माझं पाऊल गेलं रे," हे म्हणाले. घरात, हॉस्पिटलात, माझ्याजवळसुद्धा हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. पलीकडून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग माझा भाऊ रडायला लागला. तेसुद्धा सावकाश, थांबत थांबत. मला दोघांचा भयंकर राग आला आणि इतकं बरं वाटलं की तो मोजा तोंडावर धरून मीही रडून घेतलं. हे माझ्याकडे बघत म्हणाले, "तो धुतलेला आहे ना?"

मग फोनकडे वळून म्हणाले, "आजी खोळंबलाय. परत ये."

"येऊ?"

"ये म्हणतोय ना. आणि कोपऱ्यावर बोल."

सावकाश गेला तो गेलाच, ठरल्याप्रमाणे. तिथे अजून पॅकिंगलाच आहे, गाडीवर चढलेला नाही. यांचं कामही सुरू झालंय. त्या दिवशीचं 'नाही' मात्र यांनी मागे घेतलेलं नाही, आणि घेणार का, हे मी विचारलेलं नाही. संध्याकाळी हे खेळायला बसले की मी हेडफोन काढून आवाज मोठा करायला लावते. म्हणजे कुकरच्या शिट्टीतूनही मला ऐकू येतं.

"दाजी, वळतोय. उजवीकडून."

"ये."

"दाजी, आता डावीकडून वळतोय."

"ये."

"अरे बाबा," आजी कावतो, "इथे कुत्रं नाही फिरकत. रिकामा बोळ आहे. कोणाला सांगतोयस?"

"बोलू दे त्याला," हे म्हणतात.