गाडीत बसलेला माणूस

ती घटना अजून आठवते ती एका फुटलेल्या काचेमुळे.

भोपाळला बरखेड्यात, कारखान्याच्या वसाहतीतल्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एके सकाळी एक इंजिनियर स्वतःहून ठाण्यात आले. मूळचे पुण्याकडचे, एक हात गळ्यात बांधलेला. आडव्या आलेल्या गाईला वाचवताना आपण रस्त्याने चालणाऱ्या माणसाला उडवलं आणि गाडी झाडावर गेली, असं त्यांनी सांगितलं. जखमी त्यांच्याच शेजारच्या क्वार्टरमधला, नागपूरकडचा वेल्डर. कपाळाला टाके पडले, पाय पुढे गुडघ्याखाली कापावा लागला. इस्पितळात त्यानेही तोच जबाब दिला, शब्दाला शब्द. दोन जबाब इतके जुळले की मला शंका यायचीच.

पंचनाम्याला गेलो, तर समोरची काच डाव्या बाजूने फुटून बॉनेटवर सांडलेली. बाहेरचं माणूस आपटलं असतं तर काचा आत, सीटवर पडल्या असत्या. तेवढ्यात नाक्यावरच्या पानवाल्याने न विचारताच कानावर घातलं, "साहब, वो पैदल कब चलते हैं? रोज़ तो इन्हीं की गाड़ी में बैठके जाते हैं।" वसाहतीची रीतच होती ती. ज्याच्याकडे गाडी, त्याने कोपऱ्यावर हॉर्न द्यायचा आणि शेजारपाजारच्यांनी बसायचं. पेट्रोलचे पैसे विचारणं म्हणजे अपमान.

पण इंजिनियर पायी चालणाऱ्याला उडवल्याचा गुन्हा हौसेने अंगावर का घेत होते, ते मला कळेना. मी त्यांना पुन्हा बोलावलं, चहा मागवला आणि काचेचं सांगितलं.

"विमा फक्त कायद्यापुरता आहे," ते म्हणाले. "रस्त्यावरच्या माणसाला भरपाई मिळते, गाडीत बसलेल्याला नाही. एजंट म्हणत होता, थोडे जास्त भरा. मी म्हटलं, गाडीत आपलीच माणसं बसणार, ती कशाला दावा लावतील?"

मग ते म्हणाले, "आता त्याच्याने वेल्डिंग होणार नाही, साहेब. दोन मुली आहेत. मला हवी ती शिक्षा द्या, पण कागदावर त्याला गाडीत बसवू नका."

मला त्यांचा राग आला आणि गलबलूनही आलं. तरी लिहिलं ते खरंच. खोटं पुढे कोर्टात उघडं पडलं असतं आणि दोघंही गोत्यात आले असते. विमा कंपनीने हात वर केले. इंजिनियरांनी घरासाठी घेतलेला पुण्यातला प्लॉट विकला आणि पैसे वेल्डरच्या घरी पोचवले.

वेल्डर नंतर एकदा भेटला. मला वाटलं, मला शिव्या देईल. तो म्हणाला, "साहेब, त्यायनं बस म्हटलं, मी बसलो. त्यायचं काय चुकलं?" त्याला पुढे कारखान्यातच बैठं काम मिळालं; कारखान्याच्या बसमध्ये इंजिनियर आधी चढून त्याच्या कुबड्या वर घेत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

माणसं विमा घेतात तो परक्यांच्या भीतीने. आपल्या हातून आपल्याच माणसाचं नुकसान होईल, हे कुणाच्या मनात येत नाही. पुढे मी गाडी घेतली तेव्हा एजंट सगळ्यात स्वस्त कागद पुढे करू लागला. मी त्याला म्हटलं, "आधी गाडीत बसणाऱ्यांचं बोला."