डोहातल्या माशांचा दहावा

माझ्या चुलत सासऱ्यांइतका बोलका मनुष्य अख्ख्या सातारा जिल्ह्यात झाला नसेल. फक्त ते माणसांशी बोलत नसत. त्यांचं सगळं बोलणं कृष्णेच्या डोहातल्या माशांशी चाले. उंब्रजच्या खालच्या अंगाला, नदीकाठी आमचं गाव. सत्तरच्या सुमारास मी लग्न होऊन तिथं आले, तेव्हा हे सासरे, सगळ्यांचे आबा, पलटणीतून हवालदाराची पेन्शन घेऊन घरी आलेले होते. पोरबाळ नाही. बायको गेली ती ते सरहद्दीवर असताना. तार पोचेपर्यंत तिचा दहावासुद्धा उरकला होता. घरात बोलायला म्हणून चार भिंती, आणि भिंतींना काय कळतंय! मग आबांनी डोह धरला.

रोज सकाळी भाकरीचा कुस्करा घेऊन ते घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसत आणि "आव बेटा, आव!" अशी हाळी देत. की पाणी नुसतं खदखदायला लागे. हातभर लांबीचे मासे येऊन त्यांच्या पायांना तोंड लावत. मग हजेरी. मागून येऊन पुढं घुसणाऱ्याला पलटणीतल्या हिंदीत झाडणं, "लाइन में आव, गधे!" एक थोराड खडस मासा होता, त्याला ते सुभेदारसाहेब म्हणत आणि तो आला की पाय जवळ घेऊन नीट बसत. गुडघा दुखतोय, रात्री झोप लागली नाही, उसाला तोड आली, सगळं त्याच्या कानावर घालायचं. सणाला पुरणपोळी आधी डोहात, मग आबांच्या ताटात. सासूबाई कपाळावर हात मारून घेत. "आता माशांस्नी आहेरबी करा म्हणावं!"

एका उन्हाळ्यात नदी आटली आणि पाणी डोहापुरतंच उरलं. विहिरी फोडायचं काम करणाऱ्या मारुतीकडं नेमके पाहुणे आले. आबा उंब्रजच्या बाजाराला गेल्याचं बघून हा गडी सुरुंगाची कांडी घेऊन घाटावर आला आणि मेल्यानं आबांच्याच आवाजात हाळी दिली, "आव बेटा, आव!" मासे बिचारे आले. सगळे आले. पुढचं मला सांगवत नाही. मोठे पाहुण्यांच्या कालवणात गेले, बोटाएवढी पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत राहिली. आबांनी परतल्यावर ती पाटीत गोळा केली, वाळूत पुरली आणि घरोघर जाऊन सांगितलं, "दहाव्या दिवशी घाटावर या. माझ्या घरात मयत झालीया."

गाव हसलं. पण जेवण आहे म्हटल्यावर आलं. आम्ही बायकाही गेलो. आबांनी डोकं तर भादरलं होतंच, पण मिशाही उतरवल्या होत्या. कर्नलसाहेबानं सांगूनही कधी छाटल्या नव्हत्या त्या मिशा. मग हसणं जरा कमी झालं. "बायकोच्या दहाव्याला न्हाई पोचलो," ते एवढंच म्हणाले आणि त्यांनी पिंड मांडले.

समोर बाभळीवर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना. पिंडाला कावळा शिवत नसला की गेलेल्याची इच्छा ओळखून शब्द द्यावा लागतो. आता माशांची इच्छा कुणी सांगावी? ऊन चढलं. बाभळीवरचे कावळे गप्प आणि लोकांच्या पोटातले ओरडायला लागलेले. शेवटी सरपंचांनी हात जोडले. "हितनं पुढं ह्या डोहात कुणी जाळं टाकणार न्हाई." कावळे ढिम्म. कुणी म्हणालं, "पावसाळ्यात, अंडी घालायच्या दिसांत, अख्ख्या नदीत गळ न्हाई." तरी ढिम्म. मग सगळ्यांनी मारुतीकडं बघितलं.

"माज्याकडं काय बघताय?"

"बोल की रं गड्या, उपाशी मारतोस काय आमाला!"

मारुती तावात पुढं झाला. पण आबांचा तो बोडका चेहरा समोर आला आणि त्यानं पिंडापुढं हात जोडले. "न्हाई टाकत सुरुंग. कुणाला टाकूबी देत न्हाई. चुकलं माजं, आबा." फडफड झाली आणि कावळा पिंडावर!

कावळ्यालाही भूक लागली असेल, मी काही इतकी भोळी नाही. पण पिंडासमोर दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती आहे? आळीआळीनं पहाऱ्याच्या पाळ्या लागल्या, आणि त्यात मारुती सगळ्यांच्या पुढं. दोन पावसाळ्यांत डोह पुन्हा भरला. इस्लामपूरचे पाहुणेरावळे मुद्दाम मासे बघायला येऊ लागले.

आबा मात्र शेवटची पायरी उतरेनात. वरच थोडा वेळ तोंड मिटून बसायचे, आणि पहाऱ्यावरची पोरं "आबा, तुमी निवांत घरी पडा, आमी हाय की" म्हणाली की उठायचे. घरी कुणाकडं जाणार? आमच्या सोप्यात येऊन शेंगा फोडत बसायचे. मला फार वाईट वाटे. बोलका माणूस असा गप्प झालेला बघवत नाही हो.

एक दिवस मी म्हटलंच, "आवं आबा, मासं आल्यात की परत. जावा, एक हाळी तरी द्या."

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"हाळी दिली तर येतील गं पोरी," ते म्हणाले. "म्हणून तर देत न्हाई."