रिव्हर्समधली पाठवणी

एकोणीसशे एकाहत्तरच्या उन्हाळ्यात माझ्या दाजींनी स्वतःच्या लेकीला कोल्हारजवळच्या वस्तीवरून शेजारच्या गावी सासरी पोचवलं. गाडी सबंध वाट रिव्हर्समध्ये होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आपल्याला न विचारता गाडी बिघडू शकते, हे त्यांना जन्मात पटलं नाही. मोटार जुनी, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. रोज सकाळी बॉनेट उघडून ते गिअरच्या सळ्यांना कान लावत आणि "आज जरा कफ हाय," असं सांगत. सळ्यांच्या सांध्यातला बुश, म्हणजे आतली छोटी कडी, झिजला की नवा विकत आणणं त्यांना कमीपणाचं वाटे. एकदा त्यांनी पोळपाटाचा पाय कापून बसवला. ताई म्हणाली, "आता पोळ्या बी गाडीतच लाटा." दाजी शांतपणे म्हणाले, "सागाचा हाय. कंपनीला तरी कुठं मिळतोय?"

लग्नाच्या सकाळी त्यांनी बुश तपासला, काढून टाकला आणि नवीन चपलेच्या टाचेतून दुसरा कापून बसवला. त्यामुळे अक्षता पडेपर्यंत ते एका बाजूला कलूनच वावरले. वरपक्षाने जीप आणली होती, पण भाचीने लहानपणीच सांगून ठेवलं होतं, "आबा, मी तुमच्याच गाडीतनं जानार." दाजींनी लग्नात एवढीच एक गोष्ट स्वतःकडे ठेवली होती.

विहीणबाईंनी बॉनेटवर झेंडूची आडवी माळ आणि मधोमध नारळ बांधून घेतला. भटजींनी मंत्र म्हणत गाठ मारली. ही गाठ सासरच्या दारातच सुटायची, अशी त्यांच्या घरची रीत. मग मांडवाकडे तोंड करून लावलेली गाडी वळवायला दाजींनी जरा मागे घेतली आणि टाच अडकली. दांडा रिव्हर्समधून हलेना. सळ्या मोकळ्या करायला बॉनेट उघडणं भाग होतं.

"माळ सोडू का, विहीणबाई?"

"आवं पाव्हणं, गाठ वाटंत सुटली तर काय ऱ्हायलं? पोरीला जीपमधी बसवा."

भाची रडायची थांबली आणि बापाकडे बघू लागली. दाजींनी रिव्हर्समध्ये अडकलेला दांडा एकदा हलवून पाहिला.

"गाठ बी सुटनार न्हाई, अन् पोर जीपमधी बी बसनार न्हाई."

"मग जानार कशी?"

"गाडी चालतीया की. फकस्त तिचं त्वांड हिकडं हाय."

ताई म्हणाली, "अवो, मान मोडंल तुमची."

"मोडू दे. पोर पोचली की मानंचं काम झालं."

दाजी मान मागे वळवून बसले. मागच्या सीटवर नवरा-नवरी बसली. पुढे हॉर्न वाजवत जीप निघाली, तिच्यामागे पाठमोरी मोटार. दाजींची नजर मागच्या काचेतून रस्त्यावर, म्हणजे सगळा वेळ लेकीच्या चेहऱ्यावरून. लेकीला पुढच्या काचेतून मांडव, ताई आणि आम्ही सगळे कॅनॉलच्या वळणापर्यंत दिसत होतो. आम्हालाही ती दिसत होती. वळणावर तिने हात हलवला.

सासरच्या दारात विहीणबाईंनी गाठ सोडली. दाजींनी बॉनेट उघडलं, टाच काढून खिशात टाकली, जावयाच्या घरातला सागाचा एक तुकडा मागून घेतला आणि बसवला. गिअर पहिल्या झटक्यात पडला.

परत येताना दाजी एकटे होते. रस्ता मोकळा होता आणि गाडी सरळ चालत होती. त्यांना जातानापेक्षा जास्त वेळ लागला.